कोरा शेरा

१

पोळ्याच्या दिवशी दुपारी चार वाजता रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये रक्ताच्या एकोणीस पिशव्या निकामी झालेल्या सापडल्या. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी भगवानरावांनी देवसिंग आडेंच्या हातात एक कागद ठेवला.

"मशीन खोटं बोलत नाही, देवसिंगभाऊ," ते म्हणाले. "वाचा आणि खाली सही करा."

कागदावर दोनच ओळी होत्या. दुपारी १.०८, रक्तपेढीच्या फ्रीजची वीज गेली. दुपारी १.१७, सूचना बंद केली, नाव ममता.

देवसिंगांनी त्या दोन ओळी दोनदा वाचल्या. एसटीत बत्तीस वर्षं काढलेली, त्यातली शेवटची अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून. हाताखालून गेलेला एकही कागद त्यांनी एका वाचनात सोडला नव्हता. निवृत्त झाल्यावर पांढरकवड्याच्या या हायवेकाठच्या रुग्णालयाच्या विश्वस्तांत त्यांचं नाव घेतलं गेलं. भगवानराव अध्यक्ष होते. कापसाच्या शेतीवाडीचं मोठं घर, शब्दाला वजन, आणि रुग्णालयासाठी त्यांनी झिजवलेल्या चपला कोणी नाकारत नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वी भगवानरावांनीच हट्टानं एक संगणकी व्यवस्था बसवून घेतली होती. फ्रीज, पाण्याचा पंप, जनरेटर, आतले संगणक, सगळ्यांवर ती डोळा ठेवायची. कुठं काही बिघडलं की त्या विभागाच्या पडद्यावर लाल पट्टी उमटायची आणि घंटी वाजायची. विभागातल्या माणसानं 'दखल घेतली' हे बटण दाबलं की घंटी थांबून पट्टी हिरवी व्हायची, आणि त्याच बिघाडासाठी सहा तास ती पुन्हा वाजायची नाही. दखल घेणारा माणूस पुढचं पाहील, असा त्यामागचा हिशेब. रुग्णालयात सगळे तिला 'पहारा' म्हणत.

अध्यक्षांच्या खोलीत भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर पहारा सदा चालू असे. एकाखाली एक तीन ओळी होत्या: औषध भांडार, देखभाल, रक्तपेढी. आज खालची ओळ लाल होती.

ती लाल ओळ पाहून देवसिंगांना पोळ्याची दुपार आठवली. पोळ्याला ते याच खोलीत होते. भगवानरावांनी विश्वस्तांना आणि नागपूरच्या काही देणगीदारांना पुरणपोळीला बोलावलं होतं. तांड्याकडची बस उशिरा आली आणि देवसिंग पोचले तेव्हा दीडला पाच कमी होते. पडदा हिरवागार होता. भगवानराव पाहुण्यांना म्हणाले होते, "पाहून घ्या, एक पट्टी लाल नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवसिंगांनीही वाजवल्या.

"मलेच काहून नेमलं चौकशीवर?" त्यांनी विचारलं.

"पोरगी तुमच्या समाजाची हाय. तुम्ही सही केली तं कोणी म्हणणार नाही, की भगवानरावानं बंजाऱ्याच्या पोरीले बळी देल्लं." भगवानराव हे शांतपणे म्हणाले, जणू उपकारच करत होते. "तीन वाजता सभा हाय. तिची नोकरी तं गेलीच समजा. वर अहवाल पाठवला, की दुसरी रक्तपेढीही तिले उभी करणार नाही."

देवसिंगांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"सही?"

"तीन वाजता," देवसिंग म्हणाले.

२

रक्तपेढी खालच्या मजल्यावर होती. रिकामा फ्रीज दार उघडं टाकून उभा होता आणि त्याच्यासमोर ममता हाताची घडी घालून बसली होती. वय सव्वीस. तांड्यातून लॅबचं शिक्षण घेऊन बाहेर पडलेली ही पहिलीच पोरगी.

"सही करून आले का काका," ती म्हणाली, "का करायले चालले?"

देवसिंग स्टूल ओढून बसले. चिडलेल्या माणसाला आधी पूर्ण चिडू द्यावं, मग विचारावं, हे ते डेपोत शिकले होते. थोड्या वेळानं ममता आपणहून बोलू लागली.

पोळ्याला बारा वाजता तिनं फ्रीजचं तापमान पाहिलं तेव्हा चार अंश होतं. रक्त दोन ते सहाच्या मधे राहावं लागतं. एक वाजून पाच मिनिटांनी ती एक पिशवी घेऊन मुलांच्या वॉर्डात गेली. तिथं ओम होता, झरी जामणीकडच्या कोलामांच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, नऊ वर्षांचा मुलगा. त्याला सिकलसेल, दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागायचं. नर्सच्या वहीत ममताच्या येण्याची आणि जाण्याची वेळ होती. दीड वाजता ती परत आली. मधे वीज गेली होती हे तिला वॉर्डातच कळलं होतं. पण पडदा हिरवा होता. फ्रीजची स्वतःची घंटी महिनाभरापासून बंद होती. तक्रार देखभालीच्या वहीत लिहिलेली होती. चार वाजता नेहमीच्या फेरीला तिनं दार उघडलं तर काटा चौदावर. वीज परत आली तरी फ्रीजचं यंत्र परत सुरू झालंच नव्हतं. बोंब तिनंच मारली.

"वॉर्डात होती हे तं नर्सच्या वहीनं सिद्ध होते," देवसिंग म्हणाले.

"त्याचा उपयोग नाही काका. ऋतिक म्हणते, मोबाईलवरूनही दाबता येते."

ऋतिक म्हणजे रुग्णालयातले संगणक सांभाळणारा मुलगा. पहारा त्यानंच बसवला होता.

"पासवर्ड कोणाले देल्लता?"

"याडीलेही नाही," ममता म्हणाली. आईलाही नाही म्हटल्यावर देवसिंगांनी तो प्रश्न संपवला.

त्यांनी तिला पहाऱ्याची तिच्याकडची नोंद दाखवायला सांगितली. तिचा प्रवेश त्या दिवसापासून बंद ठेवला होता. देवसिंगांनी ऋतिकला फोन करून तो तासाभरासाठी उघडून घेतला. ममतानं महिन्याची नोंद छापून दिली. देवसिंगांनी खिशातला कागद काढून शेजारी धरला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

त्यांच्या कागदाला तीन रकाने होते: वेळ, घटना, नाव. ममताच्या कागदाला चौथा होता. त्यावर लिहिलं होतं 'शेरा'.

महिनाभरातल्या प्रत्येक ओळीपुढं शेरा होता. 'दार नीट लागलं नव्हतं, लावलं.' 'जनरेटरची चाचणी.' 'पिशव्या भरताना दार उघडं.' पोळ्याच्या दिवशीच्या १.१७ च्या ओळीपुढं मात्र काहीच नव्हतं. चौकट कोरी.

"हे कोरं काहून हाय?"

ममता वाकून पाहू लागली. "कोरं राहू शकत नाही," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे?"

पडद्यावर रिकाम्या फ्रीजची लाल पट्टी होतीच. ममतानं शेरा न लिहिता 'दखल घेतली' दाबलं. पट्टी लालच राहिली. पडद्यावर एक ओळ आली: 'शेरा लिहिल्याशिवाय सूचना बंद होणार नाही.' तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ.

देवसिंगांनी स्वतः बोट ठेवून दाबून पाहिलं. तीच ओळ.

जे ममताला आज जमत नव्हतं, ते पोळ्याला एक वाजून सतरा मिनिटांनी ममताच्या नावानं कोणाला तरी जमलं होतं.

३

"बाकीच्यांची नोंद दाखव," देवसिंग म्हणाले.

ते तिच्या हातात नव्हतं. पहाऱ्याची रचनाच तशी होती. रक्तपेढीला रक्तपेढी दिसायची, भांडाराला भांडार. ज्याचं त्याला. देवसिंगांना ते लगेच पटलं. डेपोतही वर्कशॉपची किल्ली मेकॅनिककडं, रोकड खोलीची रोखपालाकडं. दोघांनी एकमेकांच्या कुलपात हात घालायचा नाही. शहाणपणाचीच गोष्ट होती. पण एक अडचण त्यात होती. सगळ्या खोल्यांत एकदम काय झालं हे कोणालाच दिसत नाही. ते पाहायचं तर दारोदार फिरायला हवं.

ते भांडारात गेले. औषध भांडार कोकिळाबाईंच्या ताब्यात होतं, आणि त्यांच्या जिभेला डॉक्टरही वचकून असत.

"चौकशी का?" चष्म्यावरून पाहत त्या म्हणाल्या. "माह्याकडं काय हाय? पोळ्याले मी मोहद्याले होती, सासरी. दुपारभर बैलाच्या शिंगाले बेगड लावून राह्यलती. हात पाहा, अजून रंग गेला नाही."

देवसिंगांनी त्यांचीही नोंद छापून मागितली. कुरकुरत त्यांनी दिली. दुपारी १.०८, लस ठेवायच्या फ्रीजची वीज गेली. दुपारी १.१५, सूचना बंद केली. नाव कोकिळा. शेरा कोरा.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे मी नाही केलं."

"पोळ्यानंतर आले तेव्हा पडदा हिरवा होता?"

"होता. मले वाटलं, लाइन आली की आपोआप होते."

"मोबाईल कुठं होता तुमचा त्या वेळी?"

"नातवाच्या हाती. गाण्यावर बैल नाचवून राह्यलता." मग त्यांचा आवाज उतरला. "भाऊ, माह्या नावानं कोणी हे करू शकते, तं कोणी औषधंही काढू शकते ना माह्या नावानं?"

देवसिंगांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

देखभालीचा उकंडा मागं जनरेटरपाशी भेटला, हाताला तेल, कानावर विडी खोचलेली. पोळ्याला वीज गेली तेव्हा तो इथंच होता. चार मिनिटांत त्यानं ती परत आणली. रक्तपेढीचं यंत्र अडकलंय हे त्याला कोणी सांगितलं नाही, असं तो सांगू लागला. फ्रीजच्या घंटीची तक्रार त्याच्या वहीत होती हे देवसिंगांनी काढलं, तेव्हा तो जमिनीकडं पाहू लागला. सुटा भाग मागवला होता, आला नाही, म्हणाला. ते खरं असेल. पण महिनाभर त्यानं पुन्हा विचारलंही नव्हतं.

त्याच्या नोंदीत प्रत्येक ओळीपुढं एकच शब्द होता: 'झालं'. पंप बिघडला, 'झालं'. जनरेटर गरम झाला, 'झालं'. मुकुटबनकडच्या या माणसाला याहून जास्त टंकणं माहीतच नव्हतं. पोळ्याच्या ओळीत मात्र १.१६ ला उकंडाचं नाव आणि त्यापुढं 'झालं' सुद्धा नाही.

"तू दाबलं?"

"दोन्ही हात तेलात होते साहेब. आणि दाबलं असतं तं 'झालं' लिवलं असतं ना. त्याच्याबिगर बंदच होत नाही ते."

देवसिंग बाहेर लिंबाखालच्या बाकावर बसले. तिन्ही कागद त्यांनी मांडीवर शेजारी शेजारी लावले. १.१५ भांडार. १.१६ देखभाल. १.१७ रक्तपेढी. तीन माणसं, एक मोहद्याला, एक जनरेटरपाशी, एक वॉर्डात. आणि अंतर बरोबर एकेका मिनिटाचं.

आयुष्यात त्यांनी हजारो तिकीटपत्रकं तपासली होती. तीन प्रवाशांची तिकिटं अशी एकामागोमाग फाडलेली दिसली, तर प्रवासी तीन असतात. कंडक्टर मात्र एकच असतो.

४

ऋतिक जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत बसे. पाटणबोरीचा, सोयाबीन-तुरीच्या घरातला मुलगा, हुशार, आणि कंत्राटावर. देवसिंग आत येताच तो उभा राहिला आणि खुर्ची त्यांना दिली. देवसिंगांनी तिन्ही कागद टेबलावर ठेवले. ऋतिकनं ते पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आश्चर्य मात्र त्या चेहऱ्यावर नव्हतं.

"मले देल्लेल्या कागदावरचा शेऱ्याचा रकाना कोणी काढला?"

"मी, काका."

"बरं. आता मले एक शिकव. शेरा न लिहिता कोण बंद करू शकते?"

ऋतिक सांगू लागला. सुरुवातीला अडखळत, मग विषय त्याच्या आवडीचा असल्यामुळं नीट. पहाऱ्यात माणसांना अधिकार वाटून दिलेले असतात. विभागाच्या माणसाला फक्त त्याचा विभाग दिसतो, आणि दखल घेताना कारण द्यावंच लागतं. कोणी नुसतंच पाहणारा असतो. त्याला बटणंच नसतात. आणि एक असतो पूर्ण अधिकाराचा. त्याला सगळं दिसतं, तो सगळं बदलू शकतो, त्याला शेरा सक्तीचा नसतो. शिवाय तो कोणाच्याही नजरेनं पडदा उघडू शकतो. ममताला काय दिसतं हे तपासायचं असेल तर ममता होऊन पाहायचं.

"आणि तसं असताना काही दाबलं तं?"

"ते ममताच्या नावावर चढते."

"दाबणाऱ्याचं खरं नाव कुठंच राहत नाही?"

"वेगळी नोंद ठेवता येते." ऋतिकनं मान खाली घातली. "ती सोय चालू करायची राहून गेली. चूक माही हाय."

"असे पूर्ण अधिकारवाले किती?"

ऋतिकनं दाराकडं पाहिलं.

"एकच," ऋतिक म्हणाला. "मी."

५

देवसिंग उठले नाहीत. समोरच्या पडद्याकडं पाहत राहिले. इथंही तीन ओळी होत्या. रक्तपेढी, औषध भांडार, देखभाल.

कितीतरी वेळ ते त्या ओळी वाचत होते. घाई नव्हती. बस लागायला वेळ असला की माणूस पाटीवरची गावं वाचतो, तसे. मग त्यांनी विचारलं, "या ओळी अशा काहून लावल्या?"

"रक्त महत्त्वाचं, म्हणून वर."

"तीन घंट्या एकदम वाजल्या तं तू कुठून सुरू करशील?"

"वरून," ऋतिक म्हणाला. "रक्तपेढीपासून."

"मग ज्यानं दाबलं, त्यानं भांडारापासून काहून सुरू केलं?" देवसिंगांनी कागदावर बोट फिरवलं. "भांडार, देखभाल, रक्तपेढी. ही ओळ मी आज सकाळी पाह्यली बावा. अध्यक्षसाहेबाच्या टीव्हीवर."

ऋतिकनं कागदाकडं पाहिलं, मग आपल्या पडद्याकडं.

"साहेब फक्त पाहणारे असतील, तं भांडार वर कोणी नेलं?"

"त्यांनीच. म्हणाले, औषधं पळतात, ती ओळ डोळ्यासमोर पायजे..." आणि ऋतिक मधेच थांबला. आपण काय बोललो हे त्याला कळलं.

"नुसत्या पाहणाऱ्याले ओळी खालीवर करता येतात?"

"नाही."

देवसिंगांनी कागद गोळा केले नाहीत, उठलेही नाहीत. तो मुलगा त्यांच्या नातवाच्या वयाचा होता. त्याला आणखी विचारायची गरज नव्हती. बोलायला जागा द्यायची गरज होती.

"काका, मी सांगतलं त्यायले," शेवटी ऋतिक म्हणाला. "अध्यक्षाले नुसतं पाहायचे अधिकार पुरतात. ते म्हणाले, 'मी अध्यक्ष, आणि माह्यापेक्षा तुह्याजवळ जास्त किल्ल्या? लोक हासतील मले.' म्हणून दिले. कोणाले सांगू नको म्हणाले. त्या दिवशी मी पाटणबोरीले होतो. दुसऱ्या दिवशी आलो, नोंद पाह्यली, समजलं. विचारायले गेलो तं म्हणाले, रक्तपेढीचा तेवढा कागद दे, शेऱ्याचा रकाना काढ. माह्या कंत्राटाचं नूतनीकरण या महिन्यात हाय."

"आणि आता मी विचारलं तं तू सगळं आपल्या अंगावर घेतलं."

"दोष माहाही हाय ना," ऋतिक म्हणाला. "ममताताई मले राखी बांधते, काका."

बाहेर येऊन देवसिंगांनी घड्याळ पाहिलं. अडीच. तीन मुद्दे जुळत होते, पण चौथा हवा होता. भगवानरावांनी पडदा हिरवा दाखवला हे खरं; तो त्यांनीच हिरवा केला हे कोणी पाहिलं होतं?

मग त्यांना आठवलं, पोळ्याला त्यांची बस उशिरा आली होती. बाकीचे पाहुणे आधी आले होते. देवसिंगांनी त्यांच्यातल्या इंदुताईंना फोन लावला.

६

तीनच्या सभेला भगवानराव, इंदुताई आणि देवसिंग असे तिघंच होते. इंदुताई विश्वस्त होत्या आणि याच रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. ऋतिक दारापाशी उभा होता. ममताला भगवानरावांनी बोलावलंच नव्हतं.

"सही केली?" त्यांनी विचारलं.

देवसिंगांनी सही न केलेला कागद टेबलावर ठेवला. त्याच्याखाली दुसरे तीन पसरले. आवाज न चढवता, पाढा म्हणावा तसं ते एकेक सांगत गेले. शेरा न देता ममताला बंद करता येत नाही. ऋतिकनं रचनाच तशी केली आहे. त्याच वेळी कोकिळाबाई आणि उकंडाच्या नावानंही कोऱ्या शेऱ्याची नोंद आहे. दोघंही पडद्यापाशी नव्हते. तिघांच्या खुर्चीत बसू शकेल असा एक माणूस, आणि वरून खाली जाणारा त्याचा हात.

"तो हात या टीव्हीवरच्या ओळींच्या क्रमानं गेला," ते म्हणाले. "ऋतिकच्या पडद्यावरचा क्रम वेगळा हाय."

भगवानराव हसले. "ओळीवरून चोर धरता का? डेपोतले कागद तपासून तपासून तुमाले जिथं तिथं कंडक्टर दिसून राह्यला."

"पोळ्याले मी या जिन्यात उभी होती," इंदुताई मधेच बोलल्या. आवाज मऊ होता, पण मेट्रनचा. "वीज गेली आणि आली, त्याच्यानंतर. आम्ही सारे वर येऊन राह्यलतो, तं तुम्ही दारात आले आणि म्हणाले, पाच मिनिटं थांबा. आतून घंटी वाजताना आयकू येत होती. मग ती थांबली. मग तुम्ही दार उघडलं, आणि सगळं हिरवं."

हायवेवरून एक ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली.

भगवानरावांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, पण पाणी प्यायले नाहीत. "मी घंटी बंद केली," ते म्हणाले. "फ्रीज नाही बंद केला. वीज आलीच होती. मले वाटलं, सारं सुरू झालं. पाहुणे जिन्यात होते, देवसिंगभाऊ. नागपूरची माणसं. हेच रुग्णालय त्यायच्या भरवशावर नवीन वॉर्ड बांधणार हाय. त्यायच्यासमोर तीन लाल पट्ट्या?"

"तेवढं मले समजते," देवसिंग म्हणाले. त्यांना खरंच समजत होतं. मुंबईचे साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर नादुरुस्त गाड्या डेपोच्या मागं उभ्या करायचा हुकूम त्यांनीही पाळला होता. "पण चार वाजता पिशव्या सापडल्या. तेव्हा तं समजलं ना काय झालं ते. मग तीन दिवस पोरीच्या नावावर काहून ठेवलं?"

भगवानराव ग्लासातल्या पाण्याकडं पाहत राहिले, आणि त्या वेळी ते पहिल्यांदाच म्हातारे दिसले.

देवसिंगांनी ऋतिकला आत बोलावलं. ममताचा प्रवेश आजच पुन्हा उघडायचा, पूर्ण अधिकार आता अध्यक्षांकडून काढायचे, ऋतिकचीही प्रत्येक कृती त्याच्या खऱ्या नावानं नोंदायची, आणि शेरा प्रत्येकाला सक्तीचा, असं ठरलं. इंदुताईंनी तसं लिहून काढलं.

"साहेबाचे अधिकार काढायच्या आधी," देवसिंग म्हणाले, "ती एक वाजून सतरा मिनिटांची ओळ उघड. चौकट अजून कोरी हाय."

ऋतिकनं ती ओळ उघडली आणि कळफलक अध्यक्षांपुढं सरकवला. भगवानरावांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'मी बंद केली. पाहुणे आले होते. भगवानराव.'

देवसिंगांनी ते वाचलं, दोनदा. मग अहवालाचा कागद ओढला आणि निष्कर्षाच्या खाली आपल्या हातानं आणखी एक ओळ घातली: 'त्या पाहुण्यांत मी होतो. हिरवा पडदा पाहून मीही टाळ्या वाजवल्या.' त्याखाली सही केली.

ते खाली आले तेव्हा उकंडानं फ्रीजचं यंत्र सुरू केलेलं होतं, घंटीही कुठून तरी मिळवून बसवली होती, आणि तो ममताशी न बोलताच निघून गेला होता. देवसिंगांनी तिला सगळं सांगितलं. तिचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही.

"ओमले एकवीस दिवसांनी पुन्हा रक्त लागते," ती म्हणाली. "त्याच्या गटाच्या दोन पिशव्या होत्या या एकोणीसमधे."

चार वाजले होते. ममतानं फ्रीजचं दार उघडून काटा पाहिला, दार लावलं, लागलंय ना ते दोनदा ओढून पाहिलं, आणि संगणकापाशी बसली. पडद्यावरची सकाळची लाल पट्टी अजून तशीच होती. तिनं 'दखल घेतली' वर बाण नेला आणि शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: 'तापमान चार अंश. यंत्र सुरू. फ्रीज रिकामा.'

पट्टी हिरवी झाली. दोघांपैकी कोणीही तिच्याकडं पाहिलं नाही.